पमासाठी वाढलेले पान

लिहिण्याचा अधिकार नसताना लिहायला बसले आहे, याबद्दल आरंभीच क्षमा मागते. आयुष्यभर मी इतरांनी लिहिलेले शिकवले. महाविद्यालयात संस्कृतच्या वर्गातही माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नसे, आणि ग्वाल्हेरच्या आपल्या मराठी मंडळाच्या सभेत तर मी बोलायला कधी उभी राहिले नाही. स्वतःचे म्हणून काही लिहिण्याची ही पहिलीच वेळ, आणि तीही या वयात. वाक्ये अवघडलेली वाटली तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

मंडळाच्या वार्षिक अंकाच्या संपादकांचा फोन आला होता. "प्रमिलाताईंवर अर्धं पान द्या. तुम्ही दोघी एकत्र राहत होतात, तुमच्याकडे सगळी माहिती असेलच." मी विचारले, लिहीन ते जसेच्या तसे छापाल का? ते मनापासून हसले. "विजयाताई, तुमच्या लिखाणात आम्ही काय कापणार?" हा शब्द त्यांनी लेख वाचण्यापूर्वी दिला आहे. ते सज्जन गृहस्थ आहेत, शब्द पाळतील.

माहिती मात्र मी देणार नाही, पमा. तू कोणत्या शाळेत गणित शिकवलेस, तुझे किती विद्यार्थी कुठे पोचले, हे सगळे शोकसभेत सांगून झाले आहे. त्या सभेत प्रत्येक वक्त्याने तुझा उल्लेख 'अविवाहित राहून शिक्षणाला वाहून घेतलेल्या' असा केला. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते. तू असतीस तर माझ्या कानाशी म्हणाली असतीस, "वाहून घेतलं म्हणे! पुरात गेले की काय मी?" आणि मला हसू दाबावे लागले असते. त्या दिवशी दाबायला हसू नव्हते. दुसरेच काही होते, आणि ते मी आजवर दाबून ठेवले आहे.

आपल्या गल्लीत आपल्याला कोणी वेगवेगळे ओळखत नसे. दौलतगंजच्या त्या चिंचोळ्या वाटेने तू एकटी निघालीस की समोरच्या भाभी गॅलरीतून विचारत, "छोटी दीदी की तबीयत ठीक है?" मी एकटी दिसले की, "बड़ी दीदी कहाँ रह गईं?" तू माझ्याहून जेमतेम काही महिन्यांनी मोठी. पण तुझा आवाज मोठा, तुझे पाऊल मोठे, आणि भाजीवाल्याशी तुझे भांडणही मोठे, म्हणून तू बड़ी. भांडणाच्या भरात तुझी मराठी कधी हिंदी होई ते तुलाही कळत नसे. "मी येऊन राहिली आहे न!" असे तू जिन्यातून ओरडायचीस, आणि मी वर, "येते आहे, असं म्हणावं," अशी दुरुस्ती करायचे. तू म्हणायचीस, "माझ्या मराठीला ग्वाल्हेरचं पाणी लागलंय. तुझी अजून पुण्याच्या बाटलीत बंद आहे." मी पुण्याला कधी राहिले नाही, हे तुला पक्के माहीत होते.

उन्हाळ्यात कूलर हे तुझे राज्य. पदर खोचून, बादलीने पाणी ओतून, ताट्यांतला खस हाताने सारखा करून तू पंप सुरू करायचीस आणि पलंगावर येऊन पडायचीस, जणू गड सर केला. तो कूलर अजून खिडकीत आहे. पंप मला जोडता येत नाही. ज्याने कोणी मला हे कधी शिकू दिले नाही, त्याचा मला राग येतो; आणि ती तूच आहेस, तेव्हा तुझाही येतो. पण तुझ्यावरचा राग लवकर ओसरतो. खरा राग दुसरीकडे आहे, आणि मला त्याच्याविषयीच लिहायचे आहे.

आठवते, त्या उन्हाळ्यात दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात सुनावणी चालू होती? दोन स्त्रियांना किंवा दोन पुरुषांना परस्परांशी कायदेशीर लग्न करता यावे का, हा प्रश्न रोज संध्याकाळी टीव्हीवर येई. तू वर्तमानपत्राच्या कडेला गणिते मांडत ऐकायचीस. मी ऐकत नाही असे दाखवून ऐकायचे. अशाच एका संध्याकाळी शैलाताई आल्या. वाचक त्यांना ओळखतात. मंडळाच्या महिला शाखेचे सगळे त्याच पाहतात. आपल्या तर त्या घरच्यासारख्याच. त्यांच्या दोन्ही मुलांचे गणित तू आपल्याच बैठकीत पक्के करून घेतलेस.

"ए विजू, एक काम होतं गं," त्या बसता बसता म्हणाल्या. "विवाह हा संस्कार आहे, करार नाही, असं संस्कृतात कुठं न कुठं असेलच न? दोन-चार श्लोक काढून दे. भाषण जरा वजनदार होईल."

"कोणाच्या विरुद्ध भाषण आहे, शैला?" तू पेपरातून डोके न काढता विचारलेस.

"अगं, ते टीव्हीवर चालून राहिलंय न, बायका-बायकांचं लग्न! मंडळात परिसंवाद ठेवलाय. ठराव पण करायचा आहे. डोकं फिरलंय लोकांचं."

"बाई गं! आणि राहतात कुठं या बायका?"

"असतील दिल्ली-मुंबईकडे. अपने यहाँ कहाँ?"

असे म्हणून त्यांनी आपल्या घरचा चहा बशीत ओतून प्यायला. आपल्या घरात त्या आतल्या खोलीपर्यंत फिरलेल्या होत्या. एकच पलंग त्यांनी पाहिला होता. 'एका कूलरमध्ये भागवतात बिचाऱ्या' असे त्याचे स्पष्टीकरणही त्यांनी मनाशी करून ठेवले होते आणि एकदा कौतुकाने बोलून दाखवले होते. मी म्हणाले, श्लोक सापडला तर कळवीन. मी शोधला नाही. त्या गेल्यावर तू इतकी हसलीस की ठसका लागला. मी पाणी आणून दिले. मला हसू आले नव्हते.

परिसंवादाला आपण दोघी चालत गेलो, बाड्याच्या चौकातून. तिसऱ्या रांगेत बसलो. एक वकील आधी बोलले, दोन्ही बाजू मोजून मापून मांडल्या, आणि शेवटी कोणत्या बाजूला गेले ते कळले नाही. मग कॉलेजातली एक मुलगी उठली आणि अर्ध्या हिंदीत म्हणाली, "जिसको जो करना है करने दो न. तुमच्या घरात कुठं घुसून राहिलेत ते?" तिला वेळ संपल्याची घंटा लगेच मिळाली. मग शैलाताई. श्लोकाविना त्यांचे भाषण काही अडले नाही. घर म्हणजे काय, कूळ म्हणजे काय, सून घरात माप ओलांडून येते म्हणजे काय, हे त्यांनी छान सांगितले. त्यांचा आवाज चांगला आहे. शेवटी म्हणाल्या, "आपल्या समाजाला हा प्रश्नच नाही. दक्षिणेतून इथे येऊन आपल्याला इतक्या पिढ्या झाल्या, पण आपल्यात असं काही कधी झालं नाही, आणि आम्ही ते होऊ देणार नाही." टाळ्या पडल्या. पहिल्या दोन रांगांच्या डोक्यांवरून त्यांनी आपल्याकडे पाहून ओळखीचे हसू केले.

आणि तू उभी राहिलीस.

मला वाटले, आता तू सांगणार. मला भीती वाटली, आणि त्या भीतीच्या खाली असे काही होते की ज्याला मी त्या क्षणी आनंद म्हटले असते.

"अध्यक्ष महोदय," तू म्हणालीस, "माझा विरोध लिहून घ्या. माझा सगळ्याच लग्नांना विरोध आहे. इथल्या नवऱ्यांना विचारा, अर्धे तरी माझ्या बाजूने हात वर करतील."

सभागृह खदखदून हसले. अध्यक्ष हसले, शैलाताई सर्वांहून जास्त हसल्या. मग ठराव वाचला गेला: हे मंडळ अशा विवाहांना मान्यता देण्यास तीव्र विरोध करीत आहे. हात वर करा म्हणाले. हात वर झाले. लाजाळू माणसाची नजर खाली असते, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. लाजाळू माणसाला बोलायचे नसते, म्हणून त्याला पाहायला खूप वेळ मिळतो. कोणाकोणाचे हात वर गेले ते मी पाहिले. कोणाच्या हातात कोणत्या बांगड्या होत्या तेही पाहिले. मला ते सगळे हात अजून आठवतात.

परतताना मी दोन पावले पुढे चालत होते. तू विचारलेस, "रागावलीस?"

"क्रोधाचे काही प्रयोजन नाही."

"रागावलीस. तू संस्कृत बोलायला लागलीस म्हणजे रागावलीस."

"तू त्यांना हसवलंस, पमा."

"मग काय रडवायचं होतं? अगं, त्यांच्यापुढे पदर कशाला पसरायचा? जे आपल्याकडे आहे, ते त्यांच्यातल्या किती जणींकडे आहे, सांग बरं. मला त्यांच्या ओळीत बसायचंच नाही."

"मला बसायचं आहे."

तू थांबलीस. आजूबाजूला रिक्षा, हातगाड्या, पोरे. "काय हवंय तुला नक्की?"

मी म्हणाले, काही नाही. हा वाद तिथेच राहिला. त्याचे उत्तर आज देते. तुला जे हास्यास्पद वाटे ते सगळे मला हवे होते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्याला बोलावत, पण आधी सवाष्णींचे कुंकू उरकून मग आपल्याकडे वळत. मला ते वळणे नको होते. महाविद्यालयात कोणी रजा घेताना 'घरी बरं नाही' म्हणाली की प्राचार्य पुढचे विचारत नसत. मला तसे म्हणायचे होते. तू आजारी असताना मी 'मैत्रीण आजारी आहे' असे सांगायचे आणि लोक म्हणायचे, अरे, तिचं कोणी नाही का? तू विनोद करून या सगळ्यावर मात करत होतीस. मला विनोद येत नाही. माझ्यासारख्या माणसाला कायदाच लागतो.

पुढे निकाल आला. न्यायालय म्हणाले, हे ठरवणे संसदेचे काम. तू टीव्ही बंद केलास, म्हणालीस, "घ्या, आता पार्लमेंटला भेटायला जा," आणि मोरीत जाऊन तोंड धुतलेस. बराच वेळ धुतलेस. सगळ्याच लग्नांना विरोध असलेल्या बाईला इतका वेळ लागायला नको होता. मी दाराशी टॉवेल घेऊन उभी होते. तू बाहेर आलीस, टॉवेल घेतलास आणि माझ्याकडे न पाहता म्हणालीस, "साबण डोळ्यांत गेला." त्याबद्दल मी कधी काही विचारले नाही. तुझा विनोद मला आवडत नसला, तरी तो मोडायचा अधिकार माझा नव्हता. तुझी मी सर्वांत जास्त ऋणी आहे ती त्या संध्याकाळसाठी. तेव्हा मला कळले की त्या ओळीत बसायची इच्छा माझी एकटीची नव्हती.

आणि मग या आषाढात तू सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलीस, "विजू, जरा चक्कर येऊन राहिली आहे," म्हणालीस, आणि डॉक्टर जिना चढून येईपर्यंत गेलीस. मी तुझी मराठी दुरुस्त केली नाही. एवढे एक बरे झाले.

तुझा भाचा नितीन रात्रीच्या गाडीने इंदूरहून आला. चांगला मुलगा आहे. फोन एका कानाला लावून दुसऱ्या कानाने सगळ्यांचे ऐकत होता. त्याला विधींतले काही कळत नव्हते, म्हणून सगळी सूत्रे शैलाताईंनी घेतली. बायकांनी तुला स्नान घातले. मी आतून हिरवी चंदेरी आणली. तुझ्याकडची सर्वांत चांगली साडी तीच होती. ओटीसाठी खण, तांदूळ आणि नारळ एका ताटात मांडून आणले. सवाष्ण गेली की तिची ओटी भरून तिला पाठवतात. मी कोणाशी वाद घालणार नव्हते. फक्त ते ताट तुझ्याजवळ ठेवणार होते.

"हे काय?" शैलाताई म्हणाल्या.

"ओटी."

"अगं विजू, वेडी की काय तू? ती कुमारिका. ओटी सवाष्णीची भरतात." त्यांनी ताट माझ्या हातातून हळूच काढून घेतले. आवाजात दया होती. "ठेव ते आत. आणि साडी पांढरी बघ एखादी, साधी."

मी नितीनकडे पाहिले. तो म्हणाला, "विजूमावशी, आप टेंशन मत लो. काकू म्हणतात तसं करून घेऊ न."

तुला पांढऱ्या साडीत नेले. पुरुष स्मशानात गेले, बायका बैठकीत बसून राहिल्या. उन्हे वाढली तसे कोणीतरी म्हणाले, चहा मिळाला असता तर बरे झाले असते. पण सुतकाच्या घरी चूल कशी पेटवायची? त्यावर शैलाताईंनी निवाडा दिला. तो शब्दशः लिहिते, कारण त्यानंतर मी जे केले, ते त्याच्याच आधाराने केले.

"सुतक आहे ते नितीनला आणि त्याच्या घरच्यांना. विजूला कुठलं सुतक? घर तिचं आहे, आणि मैत्रीला सुतक नसतं. जा गं विजू, टाक चहा सगळ्यांसाठी."

मी उठले आणि चहा टाकला. तू आदल्या सकाळी ज्या उंबऱ्यावर बसली होतीस तो ओलांडून आत गेले, आले किसले, सगळ्यांना कप नेऊन दिले. कोणी म्हणाले साखर कमी झाली. ती मी पुन्हा घातली. समोरच्या भाभी तेवढ्या माझ्या मागे आत आल्या, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "दीदी, आपका तो पूरा घर चला गया," आणि गॅस बंद करून किटली माझ्या हातून घेतली. त्या दिवशी माझे सांत्वन करणारे ते एकच वाक्य होते, आणि ते मराठीत नव्हते.

आता नवमीविषयी.

पितृपंधरवड्यातली नवमी नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची असते, अविधवा नवमी. त्या दिवशी तिच्या नावाने एका सवाष्णीला जेवू घालतात, तिची ओटी भरतात. त्या सवाष्णीला दिलेले गेलेलीला पोचते, अशी समजूत आहे. माझी आई वडिलांच्या आधी गेली, आणि मला भाऊ नाही, म्हणून दर वर्षी मी आईच्या नावाने एक सवाष्ण बोलावते. हे गल्लीतल्या सगळ्या मराठी बायकांना ठाऊक आहे. या वर्षी मी शैलाताईंना बोलावले. कोणाच्या नावाने, असे त्यांनी विचारले नाही. मी सांगितले नाही.

कोणी म्हणेल, पहिल्या वर्षात असे काही करत नाहीत. बरोबर आहे, सुतक असलेल्यांनी करू नये. मला सुतक नाही असा निवाडा झालेला होता.

आदल्या दिवशी मी आईच्या फोटोपुढे उभी राहिले आणि तिला सांगितले, या वर्षी तुझी जागा हिला दे. आईचा तुझ्यावर जीव होता. तिने हरकत घेतली असेल असे वाटत नाही. वडे तळले, खीर केली, आमसुलाची चटणी, कढी, आणि भोपळ्याची भाजी, जी तुला अजिबात आवडत नसे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "सूड घ्यायला इतका स्वयंपाक लागतो, तर माफ करणं सोपं नाही का?" सोपे आहे, पमा. म्हणून तर केले नाही.

शैलाताई ठरल्या वेळी आल्या. मी त्यांचे पाय धुतले, हळदकुंकू लावले, गजरा दिला, पाटावर बसवले. पान वाढले. मग पाणी सोडून संकल्प केला. तुझे नाव आणि तुझे गोत्र मी स्पष्ट उच्चारले, आणि माझे तुझ्याशी असलेले नातेही, ज्या शब्दात ते सांगतात त्याच शब्दात. इतका स्पष्ट आवाज माझा वर्गातही कधी लागला नव्हता. शैलाताईंनी हात जोडले होते आणि डोळे मिटले होते. संस्कृत चालू झाले की आपली माणसे हात जोडतात, ऐकत कोणीच नाही. आयुष्यभर मला याचे दुःख होते. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याचा उपयोग झाला.

त्या पोटभर जेवल्या. खीर दोनदा घेतली. विडा दिला. रीतीप्रमाणे मी विचारले, तृप्त झालात? "अगदी तृप्त गं," त्या म्हणाल्या. मग मी ओटी आणली. ताट तेच होते, खण तोच. तांदूळ आणि नारळ नवे घेतले होते. त्यांनी पदर पसरला. मी ओटी भरली आणि वाकून नमस्कार केला. पमा, तुझी ओटी तुझ्यापर्यंत पोचवायची, तर तो पदर त्यांचाच हवा होता. ज्या हातांनी ती परत आत पाठवली होती, त्याच हातांनी ती घ्यायला हवी होती.

"खीर मस्तच बनली होती," शैलाताई म्हणाल्या. "आईंना पोचलं बघ सगळं."

"आईला नाही, शैलाताई. पमाला."

त्या हसल्या. मग हसू थांबले. "काय बोलून राहिली आहेस तू?"

"नवमी कोणाची असते?"

"सवाष्णीची."

"जोडीदार मागे असताना गेलेल्या सवाष्णीची. पमा गेली. मी मागे आहे."

खाली गल्लीत कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, तिचा आवाज येत होता. शैलाताईंनी आतल्या खोलीकडे पाहिले. त्या इतकी वर्षे काय पाहत होत्या, ते त्यांना त्या क्षणी दिसले असावे.

"हे चालत नाही," त्या म्हणाल्या. "असं नाही चालत, विजू."

"चाललं. तुमच्यासमोर संकल्प सोडला, तुम्ही हात जोडलेत. तिच्या पानावर जेवलात. ओटी घेतलीत. तृप्त झाले म्हणालात."

"मला फसवलंस तू!"

"तुम्ही विचारलं नाहीत. त्या दिवशीही विचारलं नव्हतंत."

"आणि मंडळात कोणाला माहीत पडलं तर? मी ठराव मांडला होता गं. माझं तोंड राहील का कुठं?" त्यांचा आवाज खाली आला. "हे बघ, झालं ते झालं. तू कोणाला सांगू नकोस. मी पण नाही सांगणार. पाळशील न एवढं?"

"मला सुतक नाही, शैलाताई," मी म्हणाले. "मला काहीच पाळायचं नाही."

त्या उठल्या. पदरातली ओटी त्यांना तिथे टाकता आली असती. मी वाट पाहिली. त्यांनी टाकली नाही. टाकायची त्यांची हिंमत होती की नव्हती, मला माहीत नाही, पण सवाष्णीने पदरात घेतलेली ओटी टाकत नाहीत, हे त्यांना माझ्याहून चांगले माहीत होते. तांदूळ सांडू नयेत म्हणून पदर दोन्ही हातांनी धरून, पायऱ्यांकडे पाहत, त्या जिना उतरून गेल्या. त्यानंतर त्या आमच्याकडे आल्या नाहीत. भाजीवाल्याकडे दिसल्या तर मान वळवतात. पूर्वी अशी कोणी मान वळवली असती, तर मी आठ दिवस झोपले नसते. आता मला व्यवस्थित झोप लागते.

मला वाटले होते, नंतर वाईट वाटेल. तुझ्यासाठी केलेल्या जेवणात मी विष कालवले असे वाटेल. वाटले नाही. राहिलेली खीर मी पातेल्यातूनच खाल्ली, उभ्या उभ्या, तू खायचीस तशी. मग रडले, पण ते निराळ्या कारणाने. खीर एका माणसाला जास्त होते.

तू हा सूड मान्य केला नसतास, हे मला ठाऊक आहे. तू शैलाताईंना जिन्यात गाठून एखादा विनोद केला असतास आणि त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा चहाला आल्या असत्या. तुझ्या विनोदाने त्या कधी बदलल्या नाहीत, पमा. तुझ्या विनोदावर त्या हसल्या आणि हात वर केला. माझ्या नवमीने त्या बदलतील असेही मी म्हणत नाही. पण यापुढे कोणत्याही सभेत 'आपल्यात असं काही नाही' असे म्हणायला त्या उभ्या राहिल्या, तर माझे पान त्यांना आठवेल. त्या वाक्याची चव त्यांच्या तोंडात बदललेली असेल. मला एवढे पुरते. पुरते असे म्हणते, पण खरे म्हणजे पुरत नाही. संसदेने उद्या कायदा केला तरी तुला त्या कायद्याखाली आणता येणार नाही. तू पांढऱ्या साडीत गेलीस ती गेलीस. त्याची भरपाई या जगात कोणी करू शकत नाही, आणि म्हणून माझा राग संपणार नाही, आणि तो संपावा असे मला वाटतही नाही. तो माझ्याकडे तुझी आठवण म्हणून राहील.

आता वाचकांशी दोन शब्द, कारण तुझ्याशी बोलायला मला उरलेले आयुष्य आहे.

हा अंक ज्या घरांत जाईल, त्यांपैकी अनेकांचे हात त्या दिवशी सभागृहात वर गेले होते. मी कोणाचेही नाव घेतले नाही, एक सोडून. तुम्हांला त्या ठरावाबद्दल काही वाटते की नाही, हे विचारण्याचे धाडस माझ्यात नाही, आणि तुमचे मन वळवण्याइतके माझे शब्दही चांगले नाहीत. पुढच्या वर्षी पितृपंधरवड्यात पुन्हा नवमी येईल, आणि तुम्हांपैकी एकीला मी जेवायला बोलावीन. या वेळी मी काहीही झाकून ठेवत नाही: पान माझ्या बायकोचे असेल, प्रमिलेचे, मी मागे असताना गेलेल्या. बोलावणे तुमच्या घरी आले, तर तुम्ही याल का?